चेक इंजिनचा दिवा, एक जुनी गाडी आणि ईएलएम ३२७: नागपुरातील पाच महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

ज्या वस्तूबद्दल मी लिहीत आहे ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळ्या प्लॅस्टिकची असून तिच्या एका टोकाला सोळा पिनांचा प्लग आहे. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही. ‘ओबीडी २ ब्लूटूथ स्कॅनर, ईएलएम ३२७’ एवढेच छापलेले आहे, आणि आतल्या माहितीपत्रकातील बारीक इंग्रजी वाचून फारसे काही हाती लागत नाही. ऑनलाइन ती मला १,१५० रुपयांना मिळाली. गाडीच्या स्टिअरिंगखालील पोर्टमध्ये ती खोचायची, मोबाइलशी ब्लूटूथने जोडायची आणि एखाद्या ॲपमधून गाडीच्या ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, नोंदवलेली माहिती वाचायची, एवढेच तिचे काम. माझे मत आधीच सांगून टाकते: ज्यांच्या जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा वारंवार पेटतो आणि ज्यांना आकडे पाहण्याचा कंटाळा नाही, त्यांनी ही वस्तू घ्यावी. ती फॉल्ट कोड वाचते हे खरे, पण तेवढे काम कोणतेही गॅरेज करून देते; पैसे वसूल होतात ते कोडच्या मागचे आकडे ती दाखवते तेव्हा. हे मला उमगेपर्यंत ९,१८० रुपये खर्च झाले होते.

गाडी माझ्या दिरांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये पुण्यात घेतली आणि २०२१ मध्ये आम्ही ती त्यांच्याकडून विकत घेतली. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ही सेडान आता १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली आहे. एमएच १२ ही पाटी पाहून आमच्याकडे पंपावरची मुले अजूनही ‘पुण्याहून आले का’ म्हणून विचारतात, परंतु याच पाटीमुळे पुढचे सगळे शक्य झाले. भारत स्टेज ४ (बीएस ४) चे प्रदूषण नियम १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक तेरा शहरांत लागू झाले, त्या नियमांतील गाड्यांना ओबीडी २ ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याच्या व्यवस्थेची, सक्ती १ एप्रिल २०१३ पासून झाली आणि नागपूरसह उर्वरित देशात बीएस ४ अनिवार्य व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. काही मॉडेल त्याआधीही सगळीकडे बीएस ४ म्हणूनच विकली गेली. तरीही २०१७ पूर्वीच्या नागपूर पासिंगच्या गाडीत ही व्यवस्था पूर्ण स्वरूपात असेलच असे धरून चालता येत नाही, आणि असा स्कॅनर मागवण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे.

दिवा पहिल्यांदा पेटला तो २०२५ च्या मे महिन्यात, वर्धा रोडवरून घरी येताना. पिवळा, न लुकलुकणारा. गाडी व्यवस्थित चालत होती. फक्त एसी चालू असताना सिग्नलवर थांबले की इंजिन किंचित थरथरायचे, आणि वयाने होत असेल असे समजून त्या थरथरीकडे मी दुर्लक्ष केले होते. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेहमी जाते, तिथे स्कॅन करून कोड पुसण्यात आला आणि जीएसटीसह ५९० रुपयांचे बिल झाले. चौथ्या दिवशी दिवा परत आला. दुसऱ्या फेरीत ऑक्सिजन सेन्सर बदलला, ५,६४० रुपये. दिवा नवव्या दिवशी परत. तिसऱ्या फेरीत इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई झाली, २,९५० रुपये. या वेळी सहा दिवस. चौथ्या फेरीत ॲडव्हायझरने जुने जॉब कार्ड चाळले, गाडी पुरात सापडली होती का म्हणून विचारले आणि मी होकार देताच ईसीएम बदलावा लागेल असे सांगून ३१,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला.

पुराची गोष्ट खरी होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या अंगाच्या वस्त्यांत जे पाणी शिरले, त्यात आमची गाडी अर्ध्या चाकापर्यंत उभी होती. त्या पुरानंतर नागपुरात गाडीचा कोणताही दोष पुराच्या खात्यावर मांडण्याची एक सोयच झाली आहे, आणि मालकालाही ते कारण पटकन पटते, कारण ती रात्र तो विसरलेला नसतो. मलाही ते पटले होते. केवळ रक्कम मोठी असल्यामुळे मी विचार करायला वेळ मागितला आणि त्या वेळात हा स्कॅनर मागवला.

खरे तर त्याआधी एक मागवून परतही केला होता. ३४९ रुपयांचे ते निळे, पारदर्शक यंत्र मोबाइलशी जोडले जाई, पण ईसीएमशी संपर्क होत नसल्याच्या संदेशापलीकडे जात नसे. या बाबतीत थोडी माहिती असलेली बरी. ईएलएम ३२७ ही मुळात एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील प्रोग्रॅमला नकलेपासून संरक्षण नव्हते, त्यामुळे तिच्या असंख्य नकला बाजारात आल्या आणि आज या नावाने जे स्वस्तात मिळते ते जवळपास सगळे नकलाच असतात. नकलांवर ‘व्ही १.५’ असे अभिमानाने छापलेले असते, पण मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. ‘व्ही २.१’ छापलेल्या बऱ्याच यंत्रांत काही आज्ञा आणि जुन्या गाड्यांना लागणारे के-लाइनचे प्रोटोकॉल नसतात. माझ्याकडच्या दुसऱ्या यंत्रावरही १.५ च लिहिलेले आहे, परंतु ते चालते. म्हणून खरेदी करताना आवृत्तीच्या आकड्यापेक्षा परत करण्याची मुदत पाहावी, हे माझे अनुभवाचे बोल आहेत. आयफोन असेल तर वायफायचे किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचे यंत्र लागते. साध्या ब्लूटूथचे यंत्र अँड्रॉइडवरच चालते. जोडताना विचारला जाणारा पिन १२३४ किंवा ०००० असतो. ॲप म्हणून मी ‘कार स्कॅनर’ वापरले. आवश्यक ते सगळे त्याच्या मोफत भागात आहे.

पहिल्या वाचनात निघालेला कोड सर्व्हिस सेंटरच्या कागदावरचाच होता: पी ०१७१. यातील ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, आणि १ हा आकडा इंधन व हवेच्या मोजमापाशी संबंधित. कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. ते कशामुळे कमी पडते हे कोड सांगत नाही. पंप अशक्त असेल, फिल्टर चोंदला असेल, इंजेक्टर अडले असतील, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा मोजलेल्या हवेखेरीज आणखी हवा कुठून तरी आत शिरत असेल. या सगळ्यांवर हाच एक कोड येतो. ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई इथेच होते, कारण लीन असल्याची तक्रार तोच करत असतो.

आता त्या आकड्यांकडे येते, कारण १,१५० रुपये याच भागासाठी मोजायचे आहेत. दिवा पेटतो त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची एक नोंद ईसीएम ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्या गाडीतील नोंद अशी होती: कूलंट ९१ अंश, गाडीचा वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटाला ७६०, लोड ३१ टक्के, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१.९ आणि शॉर्ट टर्म अधिक ७. म्हणजे इंजिन पूर्ण गरम, गाडी जागेवर उभी, बहुधा बर्डीच्या किंवा शंकरनगरच्या सिग्नलवर, आणि ईसीएम हिशेबापेक्षा जवळजवळ २९ टक्के जास्त पेट्रोल देत असूनही मिश्रण लीनच. ट्रिम म्हणजे ही भर किंवा कपात: शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला बदलते, लाँग टर्म ही सवयीने बसलेली दुरुस्ती असते, आणि निरोगी इंजिनात दोहोंची बेरीज साधारण दहा टक्क्यांच्या आत राहते. ही नोंद पाहताना माझ्या लक्षात आले की पहिल्या फेरीत ५९० रुपये घेऊन जो कोड पुसला गेला, त्याच्याबरोबर ही नोंदही पुसली गेली होती. पुढच्या प्रत्येक फेरीतही तेच घडले. दोष शोधण्याची सुरुवात प्रत्येक वेळी पुरावा नष्ट करून होत होती.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटा पाहिला. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, ट्रिमची बेरीज २७ च्या पुढे होती. ॲक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर स्थिर धरले तेव्हा ती सावकाश उतरत ९.४ वर आली. पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे या एका फरकाकडे मी बराच वेळ पाहत राहिले. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेले असते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात जोरकस असतो आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा अगदी थोडी असते. अशा वेळी एखाद्या भेगेतून आत येणारी चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. फेरे वाढले की एकूण हवा कित्येक पटींनी वाढते आणि त्याच भेगेचा हिस्सा बराच कमी होतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर दोषी असता तर चित्र उलट दिसले असते. इंधनाची मागणी जिथे जास्त, तिथे तूट वाढली असती. ऑगस्टमध्ये समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला जाऊन आल्यावर दिवा आपोआप विझला होता आणि शहरातल्या वापरात आठवड्याच्या आत पुन्हा पेटला होता, त्याचेही उत्तर यातच होते. गाडी चालू करून बंद करेपर्यंतच्या लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर ईसीएम दिवा स्वतःहून बंद करतो. मोकळ्या रस्त्यावर हे इंजिन निर्दोष होते आणि सिग्नलवर दोषी.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे, म्हणून न मोजलेली हवा ट्रिममध्ये अशी स्पष्ट दिसते. अनेक लहान गाड्यांत तो नसतो आणि ईसीएम मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. तिथे गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते, ट्रिम फारसे हलत नाही आणि त्याऐवजी आयडलचे फेरे चढलेले दिसतात. माझे आकडे दुसऱ्याच्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत.

नव्या ऑक्सिजन सेन्सरचीही परीक्षा करून पाहिली. आयडलला तो ०.१ व्होल्टच्या आसपास रेंगाळत होता, पण ॲक्सिलरेटरला एक झटका देताच ०.८ च्या वर उडी घेऊन परत खाली आला. जो सेन्सर असा उडी घेतो तो जिवंत असतो. माझा तर्क असा की काढून टाकलेला जुना सेन्सरही बहुधा शाबूत होता. तो आता पाहायला मिळणार नाही, कारण बदललेला भाग मागून घ्यायचे मला तेव्हा सुचले नाही. ईसीएमच्या बाबतीतही हेच म्हणता येईल: जो ईसीएम विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो, सगळ्या सेन्सरांचे आकडे सुसंगत दाखवतो आणि ज्याच्या नोंदीत स्वतःच्या बिघाडाचा एकही कोड नाही, तो पुरात गेला असे म्हणायला काहीच आधार नव्हता.

गळती आहे हे कळले, तरी ती कुठे आहे हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी मी अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे असलेल्या एका लहान गॅरेजात गेले. तेथील मिस्त्री साठीच्या घरातले. आयुष्याचा पहिला अर्धा भाग ट्रकांवर आणि दुसरा कारवर काढलेला. त्यांनी माझा मोबाइल हातात न घेता, मी वाचून दाखवलेले दोन आकडे, उभ्या गाडीचा आणि २,५०० फेऱ्यांचा, एवढेच ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, सेन्सर तं खरंच सांगून राहिला. हवा कुठून घुसून राहिली, हे कोणी पाह्यलंच नाही.”

पुढची दहा मिनिटे या सगळ्या प्रकरणातली सर्वांत समाधानाची होती. त्यांनी पकडीच्या दोन्ही जबड्यांवर जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळला, इंजिन आयडलला ठेवायला सांगितले, मला बॉनेटशेजारी मोबाइल धरून उभे केले आणि मॅनिफोल्डला जाणारा एकेक रबरी पाइप अलगद चिमटायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटला, आकडा हलला नाही. त्याच्या शेजारचा, तरीही नाही. मग त्यांनी हात मागे, मॅनिफोल्डच्या पाठीमागे घातला आणि क्रँककेसमधून येणारा, म्हणजे इंजिनाच्या तळातील वायू परत आत नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाइप चिमटला. इंजिनाचा सूर बदलला. थरथर अशी थांबली की ती होती हे तेव्हाच नीट जाणवले. पडद्यावर शॉर्ट टर्म ट्रिम अधिक ५.५ वरून ०.८, मग उणे ७.८, मग उणे १४.८ असा उतरत गेला आणि तिथे स्थिरावला. लाँग टर्म अजून २१.९ वरच होता, म्हणजे बेरीज सातावर आली होती. त्यांनी पकड सोडली, बारीक ‘फुस्स’ असा आवाज आला आणि आकडा परत वर चढला. खात्री म्हणून त्यांनी हे तीनदा करून दाखवले.

काढलेला पाइप जेमतेम वीतभर लांब, मध्ये काटकोनात वळलेला. वरून पाहिले तर धड दिसत होता. वळणाच्या खालच्या अंगाला बोटभर भेग होती आणि पाइप वाकवला की ती ओठांसारखी उघडत होती. रबर इतके कडक झाले होते की नख दाबले तरी खूण उमटत नव्हती. “उन्हानं पापड झाला याचा,” एवढेच बोलून त्यांनी तो माझ्या हातात दिला. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे आणि ४५ अंशांचे नवल दरवर्षी वाटेनासे झाले आहे, तिथे बंद बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या ऊबेत आपल्या बारा उन्हाळ्यांपैकी शेवटचे काही काढलेल्या रबराकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही. नवा पाइप २२० रुपयांना मिळाला, मजुरी ३०० रुपये झाली. काही ठिकाणी गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तो पेट घेणारा असतो आणि गरम एक्झॉस्टच्या शेजारी तो उडवणे मला तरी धोक्याचे वाटते. धूर सोडून गळती शोधणारे यंत्र ज्या गॅरेजकडे असेल तिथे जाणे अधिक चांगले, किंवा मग अशी पकड आणि असा धीर.

आता बेरीज सातावरच का थांबली, शून्याच्या जवळ का आली नाही, हा प्रश्न उरतो. याचे उत्तर मला पेट्रोलमध्ये दिसते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई २० साठी हे प्रमाण साधारण १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते, आणि कमी इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या २०१३ च्या गाडीचा ईसीएम ही भर ट्रिममधूनच घालतो. ई १० वरून ई २० वर येताना हिशेबाने चार-साडेचार टक्क्यांचा फरक पडतो. नागपूरला इथेनॉल नवे नाही. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या हिरव्या बसची चाचणी याच शहरातील रस्त्यांवर झाली होती, आणि हल्ली गाडीचे काहीही बिघडले की पानटपरीवर इथेनॉलचे नाव पहिले घेतले जाते. दिवा केवळ इथेनॉलने पेटला असे मी म्हणणार नाही; मोकळ्या रस्त्यावर तेच पेट्रोल जळत असताना तो विझत होता. परंतु ईसीएमच्या दुरुस्तीला एक कमाल मर्यादा असते, त्यातील काही टक्के इंधनाने आधीच खाल्ले होते, आणि कदाचित दोन-तीन वर्षांपासून वाढत असलेली भेग ती मर्यादा ओलांडायला तेवढ्यानेच मोकळी झाली, असा माझा अंदाज आहे.

यंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. पोर्टमधील सोळाव्या पिनला बॅटरीचा पुरवठा कायम चालू असतो, त्यामुळे गाडी बंद करून किल्ली काढली तरी ते जागेच राहते. मल्टिमीटरवर मला ४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढ दिसली. दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास. रोज चालणाऱ्या गाडीला याने काही होत नाही, पण दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची, तीही थकलेल्या बॅटरीची, सकाळी निराशा होऊ शकते. काम झाले की काढून ठेवणे हाच उपाय. त्याचा वेगही कमी आहे: एका वेळी तीन-चार आकडे मागितले तर ते ठीक चालते, दहा मागितले की आलेख अडखळतो. एअरबॅग आणि एबीएसचे कोड त्याला माझ्या गाडीत वाचता आले नाहीत, आणि पंप चालू करून पाहणे किंवा एखादा व्हॉल्व्ह उघडून पाहणे असल्या चाचण्या त्याच्या आवाक्याबाहेर आहेत; त्या गॅरेजमधल्या महागड्या स्कॅनरचेच काम आहे.

ॲपमधील ‘कोड पुसा’ हे बटण मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण ते सर्वांत सोपे आहे. दाबले की दिवा जातो, समाधान मिळते, आणि फ्रीझ फ्रेम, शिकलेले ट्रिम व अंतर्गत तपासण्यांची पूर्तता, सगळे एकदम पुसले जाते. ते दाबण्यापूर्वी पडद्याचे फोटो काढून ठेवावेत. पीयूसी मिळाली म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करण्यातही अर्थ नाही. मला जूनमध्ये, दिवा पेटलेला असताना, ती सहज मिळाली होती. बीएस ४ पेट्रोल गाडीची आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि लीन मिश्रणात हा वायू मुळातच कमी तयार होतो, शिवाय त्या केंद्रावर कोणी पोर्टला हात लावत नाही. आणि दिवा लुकलुकत असेल तर हे परीक्षण बाजूला ठेवावे: ते मिसफायरचे लक्षण असते, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो, आणि अशा वेळी ॲप उघडत बसण्यापेक्षा वेग कमी करून गाडी बाजूला घेणे शहाणपणाचे.

पाइप ऑक्टोबरमध्ये बदलला, त्यानंतर दिवा आलेला नाही. आयडलला ट्रिमची बेरीज ६.३ आणि २,५०० फेऱ्यांवर ५.५ असते, महिन्यातून एकदा पाहते आणि वहीत लिहिते. मे महिन्याची परीक्षा अजून बाकी आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी त्यांच्या २०११ च्या, एमएच ३१ पासिंगच्या गाडीसाठी यंत्र नेले. पोर्ट होते, यंत्राचा लाल दिवाही लागला, पण त्यांच्या ईसीएमने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. त्यांनी ते परत आणून दिले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात बॉनेटखालून काढलेला एक रबरी पाइप होता, आणि तो वाकवून त्याची खालची बाजू ते उजेडात पाहत होते.